"यंदा आपली टीम कशी वाटतेय?" कॉलेज फुटबॉलच्या हंगामाचा अंदाज बांधायला शिका

ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींच्या कानावर कॉलेजच्या गावात पहिल्या पंधरवड्यातच एक प्रश्न पडतो. लॅबमधला सीनिअर विचारतो, बसचा ड्रायव्हर विचारतो, बँकेत खातं उघडून देणारी बाईसुद्धा विचारते: "यंदा आपली टीम कशी वाटतेय?" विषय अंडाकृती चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलचा आहे एवढं समजतं, पण पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. "चांगली वाटतेय" म्हणून सुटता येतं, पण त्यात गंमत नाही. एक रविवार दुपार आणि एक कोरा कागद एवढ्या भांडवलावर बरं उत्तर तयार होतं. ते कसं करायचं, ते इथे सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या कशासाठी आहेत ते कळेल. गेल्या वर्षी संघाने किती सामने जिंकले हा सगळ्यांना तोंडपाठ असलेला आकडा, आणि अंदाजासाठी तोच सगळ्यांत कमी कामाचा. व्यावसायिक संघात खेळाडू बरीच वर्षं टिकतात. कॉलेजात पोरं शिकून बाहेर पडतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जातात किंवा दुसऱ्या कॉलेजात निघून जातात. जर्सी तीच राहते, आतला माणूस बदलतो. तेव्हा जर्सी सोडा आणि माणसं मोजा.

उदाहरणाला एक खरा संघ घेऊ: ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाचा २०२४ चा. २०२३ मध्ये हा संघ १२ पैकी ३ सामने जिंकला आणि ९ हरला. कोच टॉम ॲलन यांना काढलं, जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी आले. इंडियाना ज्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात आहे, तिच्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या हंगामापूर्व अंदाजात इंडियानाला १८ संघांत १७वी जागा मिळाली. प्रत्यक्षात संघाने नियमित हंगामात ११ सामने जिंकले आणि एकच हरला. यातलं ऑगस्टमध्ये काय दिसू शकत होतं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं, हे पायरी पायरीने बघू.

आधी चौकट

खेळाचे नियम इथे पुरेपूर शिकवत नाही. एवढं पुरे: ११ विरुद्ध ११, चेंडू असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न, ते जमलं तर पुन्हा चार. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, ६ गुण, वर एक किंवा दोन गुणांची संधी. लाथेने चेंडू खांबांमधून पाठवला की ३.

वरच्या स्तराला एफबीएस म्हणतात आणि त्यात १३० हून अधिक संघ आहेत. प्रत्येकाचे नियमित हंगामात साधारण १२ सामने, ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, बहुतेक शनिवारी. सहा जिंकले की संघ डिसेंबरातल्या 'बोल' सामन्याला पात्र ठरतो. राष्ट्रीय विजेता ठरवणारा प्लेऑफ २०२४ पासून चारऐवजी १२ संघांचा झाला.

कागदावर सगळ्यांत वर एक ओळ लिहा: आपल्याकडे 'चांगला हंगाम' कशाला म्हणतात? पर्ड्यू विद्यापीठात सहा विजय मिळाले तर दिवाळी. ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये, सहा विजय मिळाले तर कोचने घर विकायला काढावं. ओहायो स्टेट २०२४ मध्ये नियमित हंगामात दोनच सामने हरला, पण त्यातला एक घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३–१० असा हरला आणि गावाने कोचला धारेवर धरलं. तोच संघ जानेवारी २०२५ मध्ये नॉत्र दामला ३४–२३ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. मोजपट्टी गावागणिक वेगळी असते. ती माहीत नसताना तुम्ही आकडा बरोबर सांगाल, पण स्वर चुकेल.

पायरी पहिली: वेळापत्रक, आणि त्यातल्या नावांना न भुलणं

बाराही सामने एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे घर की बाहेर, आधी विश्रांतीचा आठवडा आहे का, प्रवास किती. बिग टेनमध्ये कॉन्फरन्सचे नऊ सामने असतात, उरलेले तीन बाहेरच्यांशी. त्या तिनांत बहुतेक मोठी कॉलेजं निदान एखादा तरी दुबळा पाहुणा पैसे देऊन बोलावतात. पाहुण्याला रक्कम मिळते, यजमानाला विजय. यात कुणाला गैर वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका, फक्त ते विजय पराक्रमात धरू नका.

इंडियानाचं २०२४ चं वेळापत्रक या नजरेने वाचण्यासारखं होतं. बाहेरचे तीन पाहुणे: फ्लोरिडा इंटरनॅशनल, वेस्टर्न इलिनॉय, शार्लट. एकूण आठ सामने घरी. ओरेगन आणि पेन स्टेट हे कॉन्फरन्समधले दोन तगडे संघ वाट्यालाच आले नव्हते. खरा डोंगर एकच, कोलंबसला ओहायो स्टेटविरुद्ध.

पण मिशिगन आणि वॉशिंग्टनचं काय? जानेवारी २०२४ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळलेले हेच दोन संघ, आणि दोघेही इंडियानाच्या यादीत. वरवर बघणारा इथे दोन पराभव लिहून मोकळा होतो. मात्र मिशिगनचे कोच जिम हार्बा एनएफएलला गेले, क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) जे. जे. मॅकार्थी गेला, त्या वर्षीच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) मिशिगनचे १३ खेळाडू निवडले गेले. वॉशिंग्टनचे कोच केलन डीबोअर अलाबामाला गेले आणि संघातले १० जण ड्राफ्टमध्ये निवडले गेले. अंतिम सामना खेळलेल्या त्या दोन संघांपैकी सप्टेंबरात मैदानावर कुणीच उतरणार नव्हतं, उतरणार होत्या त्यांच्या जर्सी. मिशिगनला हंगामापूर्व राष्ट्रीय क्रमवारीत तरी नववा क्रमांक होता. त्यांनी नियमित हंगामात सात सामने जिंकले आणि पाच हरले. इंडियानाने दोघांनाही ब्लूमिंग्टनमध्ये हरवलं: वॉशिंग्टनला ३१–१७, मिशिगनला २०–१५.

म्हणजे काम दुप्पट झालं, हे मान्य. आपल्या संघाची माणसं मोजायची तशी प्रतिस्पर्ध्याचीही. बाराही संघांची बारकाईने मोजायला वेळ नसेल तर निदान बरोबरीच्या वाटणाऱ्या पाच-सहांची मोजा, कारण हंगाम तिथेच ठरतो.

पायरी दुसरी: कोण गेलं, कोण आलं

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. निम्मी दुपार इथे गेली तरी हरकत नाही.

मैदानावर सुरुवातीला उतरणारे ११ ऑफेन्सचे (चेंडू आपल्याकडे असताना खेळणारे) आणि ११ डिफेन्सचे (समोरच्याला अडवणारे), असे २२ जण. गेल्या वर्षीच्या बाविसांपैकी किती उरले? ही यादी कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळते. नुसती डोकी मोजू नका, चेंडूशी कुणाचा किती संबंध आला ते बघा: किती पास फेकले, झेलले, किती यार्ड धावला, समोरच्याला किती वेळा पकडून पाडलं (टॅकल). ईएसपीएनचे बिल कॉनेली दरवर्षी प्रत्येक संघाचं किती टक्के उत्पादन परत येतंय याचा हिशेब मांडतात. तो फुकट वाचायला मिळाला तर तुमचा अर्धा तास वाचतो.

पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी आहे. २०१८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा कॉलेज बदललेल्या खेळाडूला बहुधा एक वर्ष बसून काढावं लागे. २०२१ पासून एकदा बदल मोकळा झाला आणि २०२४ मध्ये तीही मर्यादा गेली. त्याच २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आणि २०२५ पासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ लागली. एका हिवाळ्यात निम्मा संघ बदलणं यात काही नवल राहिलेलं नाही. तुमच्या सोयीची एक गोष्ट मात्र झाली: २०२६ पासून पोर्टलची मुदत जानेवारीतली एकच आहे. आधी एप्रिलमध्येही पळापळ व्हायची, मार्चमध्ये केलेली यादी मे महिन्यात रद्दी व्हायची.

नवे खेळाडू मोजताना तीन प्रश्न विचारा. आधीच्या कॉलेजात तो खरंच खेळत होता की बाकावर होता? तिथे कुणाविरुद्ध खेळत होता? आणि इथल्या कोचला तो आधीपासून ओळखतो का?

तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि इंडियानाचं गुपित त्यातच होतं. सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून डझनभराहून अधिक खेळाडू सोबत घेऊन आले. डिफेन्समधले लाइनबॅकर एडन फिशर, डिफेन्सिव्ह एंड मिकाइल कमारा, कॉर्नरबॅक डी'अँजेलो पॉन्ड्स, आणि पास झेलणारा रिसीव्हर एलायजा सॅरॅट. ही नावं ऑगस्ट २०२४ मध्ये कुणाला माहीत नव्हती, कारण जेम्स मॅडिसन हे नावच फारसं कुणाला माहीत नव्हतं. पण त्या संघाने २०२३ च्या नियमित हंगामात ११ सामने जिंकले होते आणि एक हरला होता. ऑफेन्सचे कोऑर्डिनेटर (डावपेच आखणारे सहायक कोच) माइक शॅनहन आणि डिफेन्सचे ब्रायंट हेन्स हेसुद्धा तिथूनच आले. म्हणजे 'तीन जिंकणारा इंडियाना' हे वर्णन कागदावरच राहिलं होतं. मैदानावर उतरणाऱ्यांपैकी बरेच जण गेल्या वर्षी एका विजयी संघात, याच कोचच्या हाताखाली, हेच डावपेच खेळले होते.

नवा कोच आणि नवे खेळाडू दिसले की चमत्कार लिहून टाकायचा, असा याचा अर्थ नाही. ब्लूमिंग्टनहून काही तासांच्या अंतरावर पर्ड्यूत २०२४ मध्ये एकच विजय मिळाला होता आणि हंगामाचा शेवट इंडियानाकडून ६६–० असा झाला होता. २०२५ साठी लास व्हेगासच्या यूएनएलव्ही विद्यापीठाहून बॅरी ओडम हे अनुभवी कोच आले, पोर्टलमधून मोठ्या संख्येने खेळाडू आले. पहिले दोन सामने जिंकले, उरलेले दहा हरले. खेळाडू नवे होते पण वेगवेगळ्या गावांहून आलेले, एकमेकांना अनोळखी, आणि वेळापत्रकात यूएससी, नॉत्र दाम, मिशिगन, ओहायो स्टेट आणि शेवटी इंडियाना. शेजारच्या गावात जमलं म्हणून इथेही जमेल असं ज्यांनी धरलं त्यांनी फक्त डोकी मोजली, ओळखीपाळखी मोजल्या नाहीत.

पायरी तिसरी: क्वार्टरबॅक

चेंडूचा जवळजवळ प्रत्येक डाव याच्या हातातून सुरू होतो. क्रिकेटमध्ये एकच बोलर दोन्ही टोकांकडून सगळी षटकं टाकत असता तर त्याला जेवढं महत्त्व आलं असतं, तेवढं याला आहे. म्हणून स्वतंत्र पायरी.

एकच प्रश्न निर्णायक: या स्तरावर त्याने सुरुवातीपासून किती सामने खेळलेत? हायस्कूलमधले तारे, उंची, हाताची ताकद हे सगळं नंतर. इंडियानाने ओहायो विद्यापीठातून कर्टिस रूर्कला आणलं. हे ओहायो स्टेट नव्हे, त्याच राज्यातलं दुसरं, लहान कॉन्फरन्समधलं विद्यापीठ. २०२२ मध्ये तो त्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्सचा सर्वोत्तम ऑफेन्स खेळाडू ठरला होता. दिसायला साधी, पण अंदाज बांधणाऱ्याने अधोरेखित करावी अशी भरती. पुढच्या वर्षी इंडियानाने हाच प्रकार पुन्हा केला, कॅलिफोर्निया विद्यापीठाहून फर्नांडो मेंडोझाला आणलं. त्याने वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी जिंकली आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना मायामीला २७–२१ हरवून १६–० असा राष्ट्रीय विजेता झाला.

दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकचं नावही लिहून ठेवा. हा हात-पाय मोडणारा खेळ आहे. नेब्रास्काविरुद्ध रूर्कच्या अंगठ्याला लागलं आणि वॉशिंग्टनविरुद्ध टेव्हन जॅक्सन उतरला, जिंकून आला. २०२२ मध्ये टीसीयूचा (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा) मॅक्स डगन हंगामाच्या सुरुवातीला दुसऱ्या क्रमांकावरच होता. पहिल्याच सामन्यात चँडलर मॉरिस जखमी झाला, डगन आला आणि वर्षअखेरीस हाइझमनच्या मतदानात दुसरा आला. तुमच्या संघाच्या दुसऱ्या क्वार्टरबॅकने कॉलेजात एकही पास फेकलेला नसेल, तर अंदाजाच्या खालच्या टोकाला एक-दोन विजय कमी करा.

पायरी चौथी: दोन्ही लाइन

टीव्हीवर चेंडू दिसतो, लाइन दिसत नाही, म्हणून नवखे लोक ही पायरी गाळतात. क्वार्टरबॅकसमोर उभे राहणारे पाच जाडजूड गडी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांच्यापैकी किती जण गेल्या वर्षी एकत्र खेळले, एवढं बघा. तीन किंवा जास्त असतील तर बरं. डिफेन्सिव्ह लाइनमध्ये आलटूनपालटून खेळवतात, तिथे चांगले आठ जण आहेत का ते बघा. मोठ्या आणि मध्यम संघांतला खरा फरक इथेच असतो: रिसीव्हर पोर्टलमधून मिळतात, पण १४० किलोची चपळ माणसं थोडी असतात आणि श्रीमंत कॉलेजं त्यांना आधीच उचलतात. २०२४ च्या इंडियानाचा नियमित हंगामातला एकमेव पराभव, ओहायो स्टेटकडून ३८–१५, बघितला तर रूर्कला श्वास घ्यायला सवड मिळत नव्हती.

पायरी पाचवी: कोच

पटकन उरकण्यासारखी. मागच्या तीन ठिकाणी पहिल्या वर्षी काय झालं ते बघा. सिग्नेटी त्याआधी इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया, इलॉन आणि जेम्स मॅडिसन इथे मुख्य कोच होते आणि त्यांचा एकही हंगाम तोट्याचा नव्हता. जेम्स मॅडिसनला ५२ विजय, ९ पराभव. स्वतःबद्दल विचारल्यावर ते म्हणाले होते की मी जिंकतो, गूगल करून बघा. लोकांना तो उद्धटपणा वाटला. खरं तर ती सूचना होती आणि ऐकायला हवी होती.

पायरी सहावी: गेल्या वर्षीचं नशीब वजा करा

आता गेल्या वर्षीच्या निकालाकडे वळायला हरकत नाही, पण निकाल उसवून बघण्यासाठी. एका डावाच्या फरकाने, म्हणजे ८ किंवा त्याहून कमी गुणांनी, किती सामने जिंकले आणि किती हरले? असे सामने दीर्घकाळात निम्मे-निम्मे होत जातात. दुसरं, हातातून सुटलेला चेंडू कुणाच्या वाट्याला गेला? अंडाकृती चेंडू जमिनीवर कसाही उसळतो, तो मिळणं हे कौशल्यापेक्षा दैवाच्या जास्त जवळ आहे. अशा सुटलेल्या चेंडूंमधून (फम्बलमधून) भरपूर चेंडू मिळवलेला संघ पुढच्या वर्षी तेवढे मिळवेलच असं नाही.

टीसीयूचं उदाहरण इथे पुन्हा येतं. २०२१ मध्ये ५ विजय, ७ पराभव. २०२२ मध्ये नियमित हंगामात १२ पैकी १२, त्यातले पाच सामने ८ किंवा कमी गुणांनी, बेलरविरुद्ध तर शेवटच्या सेकंदाला २९–२८. अंतिम सामन्यात जॉर्जियाने ६५–७ असं झोपवलं. २०२३ मध्ये पुन्हा ५ आणि ७. मधल्या वर्षी संघ चांगला होता यात शंका नाही, फक्त १२–० एवढा चांगला नव्हता.

उलट्या बाजूचं उदाहरण नेब्रास्का. २०२१ मध्ये ते ९ सामने हरले आणि त्यातला प्रत्येक ९ किंवा त्याहून कमी गुणांनी. नशीब फिरेल या आशेने २०२२ बद्दल बरेच जण उत्साहात होते. संघाने ४ जिंकले आणि कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना सप्टेंबरातच घरी पाठवलं. तेव्हा निसटते पराभव दिसले की ते का निसटले तेही बघा. सामने शेवटच्या क्षणी वाईट किकमुळे, चुकीच्या निर्णयांमुळे जात असतील आणि तेच कोच, तेच किकर परत येत असतील, तर ते नशीब नव्हे, ती सवय आहे. पर्ड्यूची २०२५ ची यादी अशीच तपासा: मिनेसोटाकडून २७–२०, रटगर्सकडून २७–२४, मिशिगनकडून २१–१६. दोन विजयांच्या आकड्यामागे हे दडलेलं आहे.

निकालाऐवजी कोणता आकडा घ्यावा? हाती एकच घ्यायचा तर दर डावामागे मिळवलेले यार्ड आणि दिलेले यार्ड यांतला फरक. आणखी खोलात जायचं तर 'सक्सेस रेट': पहिल्या प्रयत्नात गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्यात ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण, असे किती टक्के डाव जमले. हा आकडा वर्षागणिक निकालापेक्षा कमी डगमगतो.

पायरी सातवी: टक्के मांडा आणि बेरीज करा

इथे लोक "हे जिंकू, ते हरू" असं लिहितात आणि फसतात. बारापैकी सात सामन्यांत तुमचा संघ थोडासा वरचढ असेल, तर सातही 'जिंकू' लिहिले जातात. त्याऐवजी प्रत्येक सामन्यापुढे जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहा. घरच्या मैदानासाठी थोडे वाढवा. शेवटी सगळे टक्के मिळवून शंभराने भागा.

ऑगस्ट २०२४ मध्ये उपलब्ध असलेल्या माहितीवर इंडियानासाठी मी असे टक्के मांडेन: फ्लोरिडा इंटरनॅशनल ९०, वेस्टर्न इलिनॉय ९७, यूसीएलए (बाहेर, तेही कॅलिफोर्नियात) ४५, शार्लट ८५, मेरिलँड ५०, नॉर्थवेस्टर्न ५०, नेब्रास्का ४५, वॉशिंग्टन ४५, मिशिगन स्टेट ४५, मिशिगन ३५, ओहायो स्टेट ५, पर्ड्यू ६०. बेरीज ६५२. म्हणजे साडेसहा विजय.

बघा, इतकं सगळं करूनही ११ चा आकडा हाती लागत नाही. पण १७वा क्रमांकही लागत नाही. 'बोल सामना खेळू शकेल असा संघ' एवढं ऑगस्टमध्ये छातीठोकपणे सांगता आलं असतं, आणि तेवढ्यावर तुम्ही त्या पत्रकारांच्या पुढे असता.

आणखी एक बारकावा, गणिताची आवड असलेल्यांसाठी. हे बारा टक्के एकमेकांपासून सुटे नाहीत. संघ तुमच्या समजुतीपेक्षा मुळात चांगला निघाला, तर एकाच सामन्याचा नव्हे, बाराही सामन्यांचा टक्का एकदम वर जातो. इंडियानाचं तेच झालं. म्हणून अंदाज एका आकड्यात सांगू नका, पट्टा सांगा. ज्या संघात कोच, क्वार्टरबॅक आणि निम्मे खेळाडू नवे आहेत त्याचा पट्टा रुंद ठेवा: "चार ते नऊ, बहुधा साडेसहा." ज्याचं सगळं जुनंच आहे त्याचा अरुंद.

काय वाचायचं नाही

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची हंगामापूर्व क्रमवारी गप्पांना छान आहे, पण ती बरीचशी कीर्तीची यादी असते. २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट तिथे दहाव्या स्थानावर होता आणि हंगाम संपला तेव्हा त्याच्या खात्यात २ विजय, १० पराभव होते. २०२५ मध्ये पेन स्टेट दुसऱ्या स्थानावर होता. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोच जेम्स फ्रँकलिन यांची नोकरी गेली होती.

ऑगस्टच्या सराव शिबिरातल्या बातम्या तर सरळ सोडून द्या. दर वर्षी, दर गावात, दर खेळाडू 'आयुष्यातल्या सर्वोत्तम तंदुरुस्तीत' असतो आणि लॉकर रूममध्ये 'यंदा वातावरणच वेगळं' असतं. खरी बातमी बाहेर येतच नाही. रूर्कच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटलेला होता आणि तो तसाच अख्खा हंगाम खेळला, हे जगाला हंगाम संपल्यावर कळलं. शिबिरातून घेण्यासारखी एकच गोष्ट: खेळाडूंच्या अधिकृत यादीत एखाद्या जागेवर दोन नावांच्या मध्ये 'किंवा' लिहिलेलं असेल, तर तिथे कोचचा अजून निर्णय झालेला नाही. ते 'किंवा' क्वार्टरबॅकच्या जागी असेल तर टक्के थोडे उतरवा.

शेवटची पायरी: चौथ्या सामन्यानंतर पुन्हा बसा

ऑगस्टचा कागद खोडू नका, शेजारी नवा रकाना काढा. झालेल्या सामन्यांपुढे शंभर किंवा शून्य लिहा आणि उरलेल्यांचे टक्के नव्याने ठरवा. चौथाच सामना का? एक तर तोवर निदान एक खरा प्रतिस्पर्धी येऊन गेलेला असतो. दुसरं, खेळाडूला कॉलेजात खेळायला मोजकीच वर्षं मिळतात; चार सामन्यांपर्यंत खेळलेल्याला ते वर्ष राखून ठेवता येतं, पाचव्यात उतरला की वर्ष खर्ची पडतं. त्यामुळे चौथ्यानंतर कोण अचानक दिसेनासं झालं, हे बघितलं की पुढच्या हिवाळ्यात पोर्टलमध्ये कोण जाणार याचाही सुगावा लागतो.

इंडियानाचे चार सामने झाले तेव्हा चारही विजय होते, त्यात यूसीएलएला त्यांच्या मैदानावर ४२–१३. ऑगस्टचे टक्के तसेच ठेवले तरी बेरीज ७.३५ होते. पण यूसीएलएचा तो निकाल बघून उरलेल्या आठांपैकी ओहायो स्टेट सोडून सातांना १५-१५ टक्के वाढवले, तर साधारण ८.४ येतात. ऑक्टोबरात नेब्रास्काला ५६–७ हरवल्यावर तिसरा रकाना काढावाच लागला असता.

पुण्या-नाशकातल्या मित्रांना किंवा आईबाबांना सोबत बघायचं असेल तर वेळाही कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पूर्व अमेरिकेतला दुपारी १२ चा सामना भारतात शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतो, संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर दोन्हीत एक तास मिळवा. सामना साडेतीन तास चालतो, तेव्हा पहाटेचाच सुचवा. रात्रीचा सुचवलात तर मध्यंतरापर्यंत पलीकडे घोरणं सुरू झालेलं असेल.